काढायचा राहिलेला कंदील

"अगं बाई, दिवाळीचा कंदील अजून तसाच की यांचा!"

नीलिमाकाकू हे अगदी हळू म्हणाल्या. पण पोर्चमधलं बोलणं आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत किती स्वच्छ ऐकू येतं, हे तुला माहीत होतं, त्यांना नाही. मी ओट्याशी उभी राहून कपांत चहा गाळत होते.

"शू," वर्षाकाकू म्हणाल्या. "शोभाताई आतच आहेत."

"असू देत. मी वाईट म्हणून नाही बोलत गं. पण माणूस गेलेल्या घराच्या दारात असा रंगीबेरंगी कंदील बरा दिसतो का? सईला नसेल कळत, पोर इथेच वाढली. आत्याला तरी कळायला हवं."

आत्याने ऐकलं होतं. ती माझ्या मागेच उभी होती, हातात बिस्किटांची बशी घेऊन. मी वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. बशी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तिसरा खण उघडल्याचा.

"माझ्या वहिनीच्या घराला कुणी नावं ठेवलेली मला चालायची नाहीत," ती पुटपुटली. मला उद्देशून नाही, स्वतःशीच.

आई, तिसऱ्या खणात आपण कात्री ठेवतो.

चहा कपातून बशीत आणि बशीतून ओट्यावर सांडायला लागला, तरी माझा हात थांबेना. इतकी भीती मला हॉस्पिटलच्या त्या लांब कॉरिडॉरमध्येही वाटली नव्हती. तिथे निदान काय करायचं ते दुसरं कुणीतरी सांगत होतं.

तुला मागचं सगळं सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा कंदिलातल्या त्या घरट्यात नुसती अंडी होती. आता तिथे दोन तोंडं आहेत. तोंडंच म्हणते, कारण एवढ्याशा जिवात तोंडाशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

मी हे मराठीत लिहितेय याचं तुला हसू येईल. तू मराठीत विचारायचीस, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे, आणि आपल्या दोघींना त्यात काही विचित्र वाटायचं नाही. सुट्टीत तू रोज एक पान मराठी लिहायला बसवायचीस तेव्हा मी विचारायचे, "व्हाय? हू विल आय राइट टू?" तू म्हणायचीस, "मिळेल कुणीतरी." आता तुला इंग्लिशमध्ये लिहिलं तर ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही, असं काहीतरी वाटतं. कुठलंही पोचणार नाही, हे मला कळतं. तरी वाटतं.

कंदिलावरून आपलं वाजलं होतं. नाशिकहून बॅगेत घडी करून आणलेला तो पिवळा आणि राणी रंगाचा कंदील. दिवाळी संपली, तुळशीचं लग्न झालं, इथल्या आखाती उन्हाने राणी रंगाचा फिका गुलाबी झाला, तरी तो पोर्चच्या हुकाला लटकलेलाच. मी म्हटलं, "आई, इट्स एम्बॅरसिंग. काढ ना." तू म्हणालीस, संक्रांतीला काढू. संक्रांत झाल्यावर म्हणालीस, होळीला. आपल्या घरातलं पंचांग तुझ्या आळसाप्रमाणे पुढे सरकायचं. पलीकडच्या घरातल्या केरळी अंकलनी एकदा विचारलं होतं, "मॅडम, ये ख्रिसमस का स्टार है क्या?" तू अगदी शांतपणे म्हणालीस, "हाँ जी, वो भी है." आत येऊन इतकी हसलीस की तुला खुर्चीत बसावं लागलं.

मग एका सकाळी त्या कंदिलाच्या झिरमिळ्यांत मला काहीतरी कचरा अडकलेला दिसला. वारा होता आदल्या दिवशी, धुळीचा. मी तो काढायला हात वर केला आणि तू मागून येऊन माझं मनगट धरलंस. "हलू नकोस," तू कानाशी म्हणालीस. आपण दोघी तशाच उभ्या राहिलो, माझा हात हवेत, तुझा माझ्या हातावर. मग ती आली. अंगठ्याएवढी, मातकट पाठीची, पोटाला फिकट पिवळी, चोच खाली वाकलेली, आणि चोचीत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा. तिने तो त्या कचऱ्याला गुंडाळला आणि गेली.

"शिंजिरीण," तू म्हणालीस. "बघ, याला म्हणतात आळसाचं फळ. वेळेवर काढला असता तर?"

कंदिलाचं भांडण तू अशा रीतीने जिंकलीस. दुसरं मात्र आपलं तसंच राहिलं, त्या लाल बाटलीचं. अमेरिकेतली तुझी शाळेतली मैत्रीण रोज तिच्या बागेतल्या हमिंगबर्डचा फोटो पाठवायची, आणि तू तो बघून "हिला बरे घरबसल्या मिळतात" असं म्हणत कांदे जोरजोरात चिरायचीस. शेवटी तू ऑनलाइन तसलीच लाल बाटली मागवलीस, साखरपाणी घालायची. मी तुला किती समजावलं. आई, हमिंगबर्ड इकडे नसतातच. अमेरिका खंडांबाहेर कुठेच नसतात. तू जो बघतेस तो सनबर्ड आहे. तू म्हणालीस, "मला माहीत आहे तो शिंजीर आहे. मी लहान होते तेव्हा तुझ्या आजोळी शेवग्यावर यायचा. पण त्याला थोडंच माहीत आहे की बाटली कुणासाठी आहे?"

त्याला माहीत असावं बहुतेक. तो एकदाही आला नाही. मुंग्या आल्या, बुलबुल आले, आणि उन्हाने त्या साखरपाण्याला ताडीसारखा वास सुटला. तू हरलीस असं कधी म्हणाली नाहीस. एक दिवस ती बाटली धुऊन मसाल्याच्या कपाटात दिसली, वेलदोडे भरलेली. मी तुझ्याकडे बघून हसले, आणि तू लाटणं उगारलंस. ग्रुपवर मात्र सगळ्या काकू तुझ्या फोटोंना "वॉव, हमिंगबर्ड!" म्हणत राहिल्या आणि तू कुणालाही दुरुस्त केलं नाहीस. यावर मला अजून बोलायचं होतं. चुकीचं नाव तू चालवून का घेतेस, एवढंच. तू काहीतरी असं उत्तर दिलं असतंस की मला राग आला असता, आणि दोन दिवसांनी ते पटलं असतं.

तुझा कॅमेरा तसाच आहे. कायमचं भारतात परतणाऱ्या त्या कुटुंबाकडून सोफा घ्यायला गेलो होतो आणि सोफ्याऐवजी तू कॅमेरा घेऊन आलीस. बाबा आठवडाभर जुन्या सोफ्यात रुतून बसून तुझ्याकडे बघत होते. लेन्स टेकवायला तू इंद्रायणी तांदळाची पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचीस. जरा चेपली की लेन्स तिच्यात बरोबर बसायची. संध्याकाळी त्याच पिशवीतला भात. बाबा विचारायचे, "आज कॅमेऱ्याखालचा भात का? म्हणूनच सगळं फोकसमध्ये दिसतंय." आणि तो पडदा! भाड्याच्या घरातल्या पडद्याला तू लेन्सच्या मापाचं गोल भोक पाडलंस. मालकाला काय सांगायचं म्हणून बाबा ओरडले, तर तू म्हणालीस, सांगा उंदराने कुरतडला. बाबा म्हणाले, "कंपासने आखून?"

त्या पडद्यामागे आपण दोघी बसायचो. तू स्टुलावर, मी ओट्याला टेकून. तू मला एवढंच शिकवलंस की पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवायची नाही. तो येऊन कुठे बसतो ते आधी बघायचं, ती फांदी फोकसमध्ये धरायची आणि मग थांबायचं. टेकोमाच्या पिवळ्या फुलांची ती एक वाकडी डहाळी तू अशी धरून बसायचीस. नर यायचा. सावलीत नुसता काळा, कोळशाच्या तुकड्यासारखा. मग मान वळवायचा आणि त्या एका कोनात त्याच्या गळ्यावर जांभळा, निळा, हिरवा असा काही उजेड फुटायचा, की तुझा श्वास थांबलेला मला मागे ऐकू यायचा. "यल्ला, यल्ला, चल ना, जरा इकडे बघ राजा," असं तू त्याच्याशी पुटपुटायचीस. अरबी, मराठी, कुठलंही चालायचं त्याला.

तुझी दुसरी शिकवण कडक होती. घरट्याचं कुणालाही सांगायचं नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत नाही. "लोक वाईट नसतात," तू म्हणालीस, "पण प्रेमाने बघायला येतात, मोबाइल वर करतात, आणि आई घरट्याकडे फिरकत नाही." ग्रुपवर नाही, बाबांनाही नाही, कारण बाबांच्या पोटात काही राहत नाही. पाहुणे आले तर आपण त्यांना मागच्या दाराने आत घ्यायचो. कारण काय, तर पुढे फरशी ओली आहे. तू इतकं सहज खोटं बोलू शकतेस हे मला तेव्हा कळलं.

अशाच एका दुपारी तू लेन्समधून डोळा न काढता विचारलंस, "सई, तुला नक्की कशाची भीती वाटते गं?"

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तुझे फोटो पडद्यावर दाखवणार होते आणि मी दोन शब्द बोलावेत अशी तुझी इच्छा होती. मी नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, "नथिंग. आय जस्ट डोन्ट वाँट टू." तू पुढे विचारणार होतीस, पण नर डहाळीवर आला.

त्याचं उत्तर आत्ता देते. लोक वळून बघतात त्याची. मी तोंड उघडलं की खोलीतले सगळे एकदम थांबतात असं मला वाटतं. मराठी बोलले तर माझ्या उच्चारांना हसतात, इंग्लिश बोलले तर "हिला आता मराठी नको वाटतं" म्हणतात. गप्प राहिलं की शहाणी मुलगी म्हणतात. मला शहाणी मुलगी म्हणवून घेणं सगळ्यात सोपं गेलं. पडद्यामागे मला बरं वाटायचं ते पक्ष्यांमुळे कमी आणि पडद्यामुळे जास्त. हे तुला सांगायला हवं होतं. तू हसली नसतीस.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही.

बाबांच्या ऑफिसचा मंदूब, कागदपत्रांची सगळी सरकारी कामं बघणारा तो माणूस, फार चांगला होता. या काउंटरवरून त्या काउंटरवर तो बाबांना हात धरून नेत होता. शेवटचा शिक्का बसला तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "खलास, सिस्टर." धीर देण्यासाठीच म्हणाला. आपणही दिवसातून दहा वेळा म्हणायचो तो शब्द. दूध खलास, गॅस खलास, होमवर्क खलास. आता कुणी म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आपण सगळे एकाच विमानाने भारतात आणि मग नाशिकला गेलो, आई. तू खाली सामानाबरोबर. मी खिडकीची सीट घेतली नाही.

दहाव्याला गोदावरीच्या काठी तुझा पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या भिंतीवर चांगले ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरला नाही. मग सगळे हात जोडून तुला काय काय सांगायला लागले. काका म्हणाला, "वहिनी, दादाची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कुणी म्हणालं, चहा आवडायचा तिला, चहा ठेवा. चहा ठेवला. कुणी म्हणालं, शेव. शेव ठेवली. आत्या रडत रडत म्हणाली, "सईचं चांगल्या घरी करून देऊ गं, जीव अडकवू नकोस." कावळे बघत राहिले. ऊन चढलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "तू बोल काहीतरी. तुझं ऐकेल ती."

मला माहीत होतं काय बोलायचं. त्या सगळ्या माणसांत फक्त मलाच माहीत होतं की इकडे अल नस्रमधल्या आपल्या बंद घराच्या पोर्चमध्ये, कंदिलाला लटकून, तुझं काहीतरी अर्धवट राहिलंय. मी हात जोडले, तोंड उघडलं, पण सगळे बघत होते, आणि मी पुन्हा मान खाली घातली. गुरुजी थोडा वेळ थांबले. मागे दुसरी माणसं त्यांचं कार्य घेऊन उभी होती. मग त्यांनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चालतं म्हणे शास्त्रात.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण विश्वास नसलेल्या गोष्टीचीही भीती वाटू शकते, हे मला तिथे समजलं. तेव्हापासून ती भीती माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

तेरावा झाल्यावर आम्ही परत आलो. बाबांची रजा संपत आली होती, आणि आत्या म्हणाली, मी येते महिनाभर, पोरीला एकटं कसं सोडायचं. तिला विमानाची भीती वाटते, तरी आली. सबंध प्रवासभर माझा हात धरून बसली होती. रोज माझ्या केसांना तेल लावते. भाकरी करते आणि बाबांना समोर बसून खायला लावते. हे मी मुद्दाम लिहितेय. कात्रीचं वाचून तुझा तिच्याबद्दल गैरसमज व्हायला नको.

घरी आल्यावर मी पहिली पडद्यामागे गेले. तुझी तांदळाची पिशवी होती तशीच चेपलेली. मी कॅमेरा लावला, घरट्याचं ते बाजूचं दार फोकसमध्ये धरलं, आणि थांबले. मला खात्री होती की काही उरलं नसेल. मग ती आली, दारावरच्या त्या छोट्याशा छज्ज्याखाली लटकली, आणि आतून दोन नारिंगी तोंडं उघडली. मी शटर दाबलं नाही. मला वाटलं, आवाज झाला तर काहीतरी तुटेल.

लेन्समधून घरटं जवळून दिसलं. वाळलेल्या पाकळ्या, कापूस, सुपरमार्केटच्या बिलाचा एक चिटोरा, आणि एक लांब केस. अर्धा पांढरा, अर्धा मेंदीने तांबूस. तू वेणी घालताना गळलेले केस बोटाला गुंडाळून खिडकीबाहेर टाकायचीस आणि मी "आई, ग्रोस!" म्हणायचे. तिने तो चांगला घट्ट विणून टाकला होता.

तेव्हापासून मला सगळ्याचीच भीती वाटते. दाराची बेल वाजली तरी. भिंतीवरून चालणाऱ्या त्या बोक्याची. धुळीचं वारं सुटलं की मी खिडकीशी उभी राहते आणि कंदील हेलकावे खाताना बघते. बाबा दुपारी सोफ्यात झोपले की मी त्यांच्या शर्टाचं बटण वरखाली होतंय ना ते बघते, आणि मग पिल्लांचं बघते, आणि मग पुन्हा बाबांचं. दोन्हीकडे सारखीच धडधड होते. ही पिल्लं नीट उडाली तर आपल्या घराला आणखी काही होणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. का, ते विचारू नकोस. असं ठरवल्यावर त्याची उलटी बाजूही आपोआप ठरून जाते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आत्याने कंदील पहिल्याच दिवशी पाहिला. "सई, तो काढून टाकायला हवा हं. वर्षभर आपल्याकडे सण नाही." मी म्हटलं, "मी काढते." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "उद्या काढते." तिला वाटलं, आईच्या हातचा म्हणून पोरीच्याने काढवत नाही. तिने डोळे पुसले आणि विषय सोडला. मी तिला का सांगितलं नाही? तू सांगितलं होतंस, कुणालाही सांगायचं नाही. आणि तुझं सांगणं मोडायचं तर आता तुला विचारताही येत नव्हतं. शिवाय न बोलणं मला नेहमीच सोपं जातं. तुझा नियम आणि माझा स्वभाव इतके बेमालूम मिसळले होते की त्यातलं कुठलं मला गप्प बसवतंय ते मला सांगता आलं नसतं.

आणि आज नीलिमाकाकू आणि वर्षाकाकू आल्या. तू गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच भेटायला येत होत्या, त्यामुळे मागच्या दाराने बोलवायचं धाडस मला झालं नाही. बाबा पोर्चच्या पलीकडच्या टोकाला बसले होते, वाऱ्याला, हल्ली बसतात तसे कुणाचंच न ऐकता. सगळे तिथेच बसले.

आत्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात तुझं ते फोटोचं स्टूल घेऊन बाहेर गेली.

मी पडद्यामागे गेले. सवयीने. कॅमेऱ्याला डोळा लावला.

"अहो शोभाताई, राहू द्या हो," नीलिमाकाकूंचा आवाज आला. "आम्ही आपलं सहज."

"नाही नाही, बरोबर आहे तुमचं. गडबडीत राहूनच गेलं बघा आमच्याकडून."

"मग मी स्टूल धरते. पडाल."

"ताई," बाबा म्हणाले, "जपून." एवढंच. कंदिलाकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बाबा हल्ली खांद्याच्या वरचं काही बघत नाहीत.

लेन्सच्या गोलात आत्याचा हात आला. बांगड्या, हळदीने पिवळी झालेली नखं, आणि त्यामागे धूसर झालेलं घरटं. फोकस अजून तुझ्या सवयीने घरट्याच्या दारावर होता. हात पुढे आला तसा तो सगळा गोल हाताने भरून गेला.

"केवढा कचरा अडकलाय हो यात," आत्या म्हणाली. "काय वारा सुटतो तुमच्याकडे."

"इथे धूळच फार," वर्षाकाकू म्हणाल्या. "आमच्याकडे तर बाल्कनी रोज धुवावी लागते."

मी लेन्स बाजूला वळवली. मागे फिरवायची नाही म्हणून सांगितलं होतंस, तरी वळवली. टेकोमाच्या वाकड्या डहाळीवर ती बसली होती. चोचीत एक हिरवी अळी, वळवळणारी. ती उडून पोर्चच्या खांबापर्यंत यायची, माणसं बघून परत डहाळीवर जायची, पुन्हा यायची. तोंडात घास असल्यामुळे तिचा आवाजही नीट फुटत नव्हता. नुसतं चिप, चिप. कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. आतून ती दोन तोंडं उघडत असणार, माझ्या आत्याच्या हाताला आई समजून.

पडद्यामागून तिथपर्यंत किती अंतर असेल? स्वयंपाकघराचं दार, आणि मग एक पायरी. मनात इंग्लिश वाक्यं तयार होत होती, नीट, व्याकरणशुद्ध, नम्र. एक्सक्यूज मी. प्लीज डोन्ट. कुड यू जस्ट. अशी वाक्यं कात्रीला ऐकू येत नाहीत. सगळे वळून बघतील. आत्याला लोकांसमोर अडवल्यासारखं होईल, तिला वाईट वाटेल. बाबांना काहीच कळणार नाही. आणि तरीही उशीर झाला असेल, आणि मग मला आयुष्यभर तो आवाज, कागद कापल्याचा.

आई, मी घाबरायची थांबले नाही. घाबरलेलीच बाहेर गेले, आणि दाराची जाळी माझ्या हातून इतक्या जोरात आपटली की सगळे एकदम वळले. बाबा, नीलिमाकाकू स्टूल धरलेल्या, वर्षाकाकू अर्धवट उठलेल्या, आणि वर आत्या, डाव्या हातात झिरमिळ्यांचा जुडगा आणि उजव्या हातात उघडी कात्री. मला ज्याची भीती वाटते नेमकं तेच. सगळे थांबले होते आणि माझ्याकडे बघत होते.

"काय गं सई?" वर्षाकाकू म्हणाल्या. "चहा झाला का?"

आवाज फुटला खरा. तो माझा वाटतच नव्हता, आणि शेजारच्या घरांतही ऐकू गेला असेल.

"आत्या, तू खाली उतर. त्यांची आई कधीची बाहेर थांबलीय."